दोन बहिणी आणि वाळू अडवणारा मी

मी एक जुना, खारट, अंगभर कालवे चिकटलेला लाकडी बांध आहे, मित्रांनो, आणि अर्धे आयुष्य पाण्यात काढूनही मला अजून एकदाही सर्दी झालेली नाही!

नदीवरचा बांध तुम्ही पाहिला असेल. मी तसा नाही. गल्लीच्या टोकाला जिथे घरे संपतात आणि वाळू सुरू होते, तिथून मी सरळ समुद्रात शिरलो आहे, चांगला ऐंशी पावले. किनारा जातो एका दिशेला आणि मी त्याच्याशी काटकोन करून उभा. इंजिनिअर मंडळी मला 'ग्रॉइन' म्हणतात. ते नाव इथल्या लोकांच्या जिभेवर काही बसेना. समुद्राला आडवा येतो म्हणून त्यांनी मला 'आडवा' म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटले. 'मुलं कुठे आहेत?' 'आडव्यावर.' इतके साधे.

माझ्या जन्माआधी गल्लीतले शेवटचे घर एका बेकरीचे होते. आजही आहे. बेकरी चालवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली 'ताई' म्हणे, त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी माणसेसुद्धा. किनाऱ्याने दहा मिनिटे चालत गेले की खालची वस्ती लागते. तिथे ताईंची सख्खी बहीण धुलाईचे काम करी. दवाखान्याच्या आणि विश्रामगृहाच्या चादरी तिच्याकडे येत. तिच्या अंगणात आठ उंच खांब होते. त्यांच्यामध्ये दोऱ्या बांधून ती चादरी वाळत घाली. वारा आला की वाटे, एखादे जहाज निघाले आहे. तिला सगळे 'धाकटी' म्हणत. पन्नाशी ओलांडली तरी ती धाकटीच!

रोज दुपारी ताई गरम पाव घेऊन धाकटीकडे जात आणि येताना स्वच्छ धुतलेले पांढरे एप्रन घेऊन येत. पन्नास पावलांवरूनही ऐकू जाईल अशा आवाजात त्या गप्पा मारत.

पण समुद्र दरवर्षी किनाऱ्याचा एकेक घास घेत होता. मोठ्या भरतीला पाणी गल्लीत शिरे. ताई पिठाची पोती टेबलावर चढवून ठेवत. एका वर्षी बेकरीच्या पायरीखालची वाळू वाहून गेली आणि पायरी हवेत लटकू लागली. पुढच्या वर्षी भट्टीच्या भिंतीला चीर पडली. तेव्हा मात्र गल्लीने धावाधाव केली आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेल्या एक इंजिनिअरबाई आल्या.

आल्या आल्या त्यांनी काय करावे? पिशवीतून बारा संत्री काढली आणि एकेक करून समुद्रात फेकली!

"बाई, संत्री खायची असतात," ताई दारातून म्हणाल्या.

"खाते ना. आधी ती कुठे जातात ते बघू दे," इंजिनिअरबाई म्हणाल्या आणि संत्र्यांबरोबर किनाऱ्याने चालू लागल्या.

संत्री हळूहळू खालच्या वस्तीकडे सरकली. लाटा इथे किनाऱ्यावर सरळ येत नाहीत, तिरप्या येतात. येताना वाळू तिरपी वर ढकलतात, परतताना सरळ खाली ओढतात. असे नागमोडी करत करत वाळूचा प्रत्येक कण वस्तीच्या दिशेने चालत राहतो. संत्र्यांनी नेमकी तीच दिशा दाखवली. त्यातली चार धाकटीने गोळा करून खाल्लीसुद्धा. थोडी खारट लागली म्हणे.

मग मला बांधायला सुतारकाका आले. ओहोटीच्या वेळी जड वजन आपटून त्यांनी माझे खांब वाळूत खोल ठोकले. माझे लाकूड पाण्यात राहून आणखी कठीण होते, म्हणून त्यांनी ते मुद्दाम निवडले होते. ठोकताना ते माझ्याशी बोलत. "घट्ट बस रे बाबा. सैल बसलास तर समुद्र परवानगी मागत बसणार नाही."

खांबांमध्ये एकावर एक जाड फळ्या आल्या. त्या वेळी इंजिनिअरबाई म्हणाल्या, "काका, फळ्या खिळ्यांनी नको, बोल्टने बसवा. पुढेमागे कमी-जास्त करता आल्या पाहिजेत." काकांनी तसे केले. पण पुढे हे वाक्य सगळेच विसरले, आणि त्यातून काय रामायण झाले ते ऐकाच.

माझे काम दिसायला अगदी सोपे. उभे राहायचे. चालत आलेली वाळू माझ्यापाशी थांबे आणि साचत जाई. पहिल्या महिन्यात कुणाला काही दिसले नाही. "लाकडं रोवून समुद्र थांबतो होय!" असे म्हणणारेही भेटले. पण सहा महिन्यांत ताईंची लटकती पायरी पुन्हा वाळूवर टेकली. दोन वर्षांत बेकरीपुढे वाळूची एवढी रुंद पुळण तयार झाली की लोकांनी तिथे बाके ठेवली. मोठ्या भरतीची लाट वाळूवर धापा टाकत येई आणि दारापर्यंत पोहोचण्याआधीच दमून परत जाई. ताईंनी पिठाची पोती टेबलावरून खाली उतरवली, तो दिवस मला अजून आठवतो. त्यांनी भट्टीतून काढलेला पहिला पाव माझ्यावर बसून खाल्ला. वर्तमानपत्रात माझा फोटो छापून आला. मी फुगलो. तसे पाण्याने लाकूड फुगतेच, पण हे फुगणे वेगळे होते.

आणि मित्रांनो, इथेच माझी चूक मला कळायला हवी होती. मी वाळू तयार करत नव्हतो. मी ती फक्त अडवत होतो. माझ्या एका बाजूला वाळू गळ्यापर्यंत आली होती आणि दुसऱ्या बाजूला ती दर महिन्याला खाली खाली चालली होती. जी वाळू वस्तीकडे जायची, ती जातच नव्हती.

धाकटीच्या अंगणातला पहिला खांब पडला तेव्हा तिला वाटले, जुना झाला असेल. दुसरा पडला तेव्हा तिने कुंपण मागे घेतले. तिसरा पडला तो वाळत घातलेल्या चादरींसकट, आणि दवाखान्याच्या सहा चादरी समुद्रात गेल्या. ती तशीच ओल्या हातांनी बेकरीत आली.

"ताई, तुझ्या दारात एवढी वाळू आली कुठून, विचार केलास कधी?"

"आडव्याने आणली," ताई म्हणाल्या.

"आडव्याने आणली नाही, माझ्या अंगणातून पळवली! तुझा तो लाकडी चोर काढून टाक."

"म्हणजे माझ्या घरात पाणी आलं तरी चालेल तुला?"

"आणि माझं अंगण गेलेलं चालतंय तुला!"

दोघींचाही मुद्दा खरा होता, म्हणूनच भांडण मिटेना. बोलणे बंद झाले. दुपारचे पाव थांबले, एप्रन थांबले. ताई आपले एप्रन स्वतःच धुऊ लागल्या आणि ते हळूहळू राखाडी झाले. दोघींच्या मध्ये मी उभा होतो. येणारे-जाणारे मला अजूनही शाबासकी देत, पण मला ती गोड लागेना. चोर हा शब्द माझ्या फळ्याफळ्यांत घुसला होता.

असे दीड वर्ष गेले. अंगणातले पाच खांब गेले, तीन उरले. मग एका मोठ्या भरतीच्या दिवशी, भर दुपारी, धाकटी भलामोठा पाना घेऊन माझ्यावर चढली. मध्यावर येऊन ती बसली आणि बोल्ट सोडवू लागली. गंजलेला बोल्ट हटेना तेव्हा तिने त्याला असे काही सुनावले की खेकडे बिळात शिरले. पण हात धुलाईवालीचे, पिळण्यात पटाईत! बोल्ट सुटला. पहिली फळी धप्पकन पाण्यात पडली.

ताईंनी बेकरीच्या खिडकीतून ते पाहिले. पिठाने माखलेल्या हातांनी त्या धावत आल्या, उघड्या पडलेल्या जागेतल्या खालच्या फळीवरून पाय टाकत पलीकडे गेल्या आणि पाना हिसकायला लागल्या. धाकटीने तो पाठीमागे लपवला. तेव्हा ताईंनी पुढच्या फळीवर बसकण मारली.

"काढ आता! मला घेऊन काढ!"

"बस तिथेच. मी ही बाजू काढते," धाकटी म्हणाली आणि तिने हट्टाने त्या दोन खांबांमधल्या आणखी तीन फळ्या काढल्या.

या गडबडीत भरती वाढत होती, हे दोघींच्याही लक्षात आले नाही. मागे वळून पाहतात तर काय! फळ्या काढल्या त्या जागेतून पाणी ओढ्यासारखे धावत होते. किनारा त्या बाजूला, दोघी या बाजूला. मधले अंतर एका उडीत पार होण्यासारखे होते, पण या दोन बहिणींच्या उडीत नव्हे.

माझ्या टोकाला खुणेचा एक खांब आहे आणि त्याच्या बुडाशी दोघांना बसता येईल एवढा ओटा. दोघी तिथे जाऊन बसल्या. एकीचे तोंड वस्तीकडे, दुसरीचे बेकरीकडे. पाणी ओट्याच्या खाली हातभर होते. ते तिथेच थांबावे म्हणून मी सगळे खांब घट्ट धरून ठेवले होते. माझ्याकडून एवढेच होण्यासारखे होते.

ताई पाण्याकडे बघत म्हणाल्या, "तुला पोहता येतं ना अजून?"

"मला कधीच येत नव्हतं."

"वा! लहानपणी तळ्यात या टोकापासून त्या टोकाला जायचीस ती?"

"तू पोटाखाली हात धरलेला असायचास," धाकटी म्हणाली.

ताईंनी एप्रनच्या खिशातून एक चेपलेला पाव काढला आणि त्याचे दोन तुकडे केले. धाकटीने पाव घेतला, पण तिची नजर एप्रनवर होती.

"हा काय रंग झालाय? कशाने धुतेस, चिखलाने?"

ताईंना हसू आवरेना. धाकटीही हसू लागली. दोघी इतक्या हसल्या की ओट्यावरून पडतील की काय, अशी मला धास्ती वाटली.

हसणे ओसरल्यावर ताईंनी हळूच विचारले, "खरंच एवढं अंगण गेलं गं?"

"दीड वर्ष झालं. एकदा तरी बघायला आलीस?"

"नाही आले," ताई म्हणाल्या. "आले असते तर मान्य करावं लागलं असतं."

तेवढ्यात वल्ही मारत सुतारकाका होडीतून आले. कुणीतरी त्यांना बोलावले होते. त्यांनी आधी मला पडलेले भगदाड पाहिले, मग पाना पाहिला, मग दोघींकडे.

"बायांनो," ते म्हणाले, "पूल तोडायचा तर आधी अलीकडे यायचं असतं!"

त्याच संध्याकाळी ताई खालच्या वस्तीत गेल्या. त्यांनी उरलेले तीन खांब पाहिले, कोंदट घरात वाळणाऱ्या चादरी पाहिल्या, परसदाराच्या पायरीखाली लाटेने पाडलेली घळ पाहिली. परत आल्या तेव्हा गल्ली गोळा झाली होती. सुतारकाका नव्या फळ्या घेऊन तयारच होते.

"फळ्या बसवू नका," ताई म्हणाल्या. "तसंच राहू दे."

एकच गलका झाला. "ताई, पाणी पुन्हा गल्लीत येईल!"

"आलं तर आधी कुणाच्या दारात येईल?"

"तुमच्या."

"मग मीच सांगते आहे ना, राहू दे म्हणून."

सुतारकाकांनी फळ्या पुन्हा खांद्यावर घेतल्या. त्या रात्री ताईंनी पिठाची पोती पुन्हा टेबलावर चढवली, एवढे मात्र मी सांगतो. त्यांना भीती वाटत नव्हती असे नाही.

पण पाणी आले नाही. माझ्या मागे साचलेली पुळण चांगली रुंद होती. तिच्यातली वरवरची वाळू तेवढी त्या भगदाडातून पलीकडे निसटू लागली. मला पहिल्यांदा वाटले, अंगातून जीव चालला. मग कळले, हे जाणे नव्हे, हे पुढे देणे आहे. तिसऱ्या आठवड्यात धाकटी एप्रनचे गाठोडे डोक्यावर घेऊन धावतच आली आणि लांबूनच ओरडली, "ताई! खांबाला घोट्याएवढी वाळू लागली! घोट्याएवढी!"

इंजिनिअरबाईंना बोलावणे गेले. या वेळी त्यांनी संत्री फेकली नाहीत. त्या काठी घेऊन माझ्या दोन्ही बाजूंना, आणि पुढे थेट वस्तीच्या टोकापर्यंत मोजत गेल्या. परत येऊन बाकावर बसल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक माझी. मी या बाजूचं मोजलं आणि तिथेच थांबले. पलीकडे कोण राहतं ते बघितलंच नाही. फळ्या कमी-जास्त करा म्हणून सांगायला मी परत यायला हवं होतं."

मोठ्या माणसाने असे सरळ बोललेले मी फार वेळा ऐकलेले नाही, मित्रांनो. धाकटीने त्यांच्यापुढे चहा ठेवला.

मग ठरले. माझ्या फळ्या एका ठरावीक उंचीवर आणायच्या. पुळण भरली की जास्तीची वाळू वरून पुढे जाऊ द्यायची. आणि वस्तीपुढे माझे दोन भाऊ उभे करायचे, माझ्यापेक्षा आखूड, एकापेक्षा एक लहान, म्हणजे त्यांच्याही पुढे कुणाचे अंगण रिकामे होणार नाही. भाऊ तयार झाले तेव्हा त्यांच्यामधल्या रिकाम्या जागा भरायला एका सुट्टीच्या दिवशी सगळी गल्ली आणि सगळी वस्ती टोपल्या घेऊन उतरली. माझ्याकडची वाळू रांगेने हातोहात पुढे निघाली. शाळेच्या बाई, टपालवाले काका, दवाखान्यातल्या परिचारिका, सगळे रांगेत. कुणी गाणी म्हणत होते, कुणी टोपलीपेक्षा आपल्याच बुटांत जास्त वाळू भरत होते. धाकटी सगळ्यांना हुकूम सोडत होती आणि ताई पावांच्या पाट्या फिरवत होत्या. दुपारी धाकटीच्या अंगणात नवा खांब रोवला गेला. त्यावर पहिली चादर फडफडली तेव्हा असा काही टाळ्यांचा कडकडाट झाला की जणू झेंडाच फडकला.

तीन वर्षांनी मोठे वादळ आले. दिवसभर मी पाण्याखाली होतो. लाटांनी माझी दोन फळकुटे उखडली, एक खांब मोडला. धाकट्या भावांचे काय झाले असेल या काळजीने मी अर्धा झालो. पुळणीतली गुडघाभर वाळू समुद्राने ओढून नेली. पण पुळण होती म्हणून तो तिच्याशीच झगडत राहिला. बेकरीच्या पायरीला पाणी लागले आणि तिथूनच परतले. वस्तीत दोन दोऱ्या तुटल्या, बस्स. दवाखान्याच्या चादरी त्या दिवशी कुठे वाळत होत्या माहीत आहे? ताईंच्या भट्टीशेजारी, पावांच्या रॅकवर! दवाखान्यातले रुग्ण म्हणे आठवडाभर सांगत होते, चादरींना काय छान वास येतोय. गेलेली वाळू पुढच्या काही महिन्यांत लाटांनीच परत आणून दिली.

त्यानंतर बरीच शांत वर्षे गेली, आणि शांत वर्षांत माणसे विसरतात. सुतारकाका थकले. इंजिनिअरबाई दुसरीकडे गेल्या. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनी माझ्यात बोगदे केले. बोल्ट गंजून गळून पडले. सहलीला आलेल्या कुणीतरी माझ्या फळीवर शेकोटी पेटवली, तो डाग अजून आहे. 'ही कुजकी लाकडं इथे कशाला?' असेही ऐकले. मला राग नाही आला. जे संकट त्यांनी पाहिलेच नाही, त्यापासून मी वाचवतो हे त्यांना कसे कळावे?

पण गेल्या महिन्यात सुतारकाकांची लेक हातोडी घेऊन आली. तीही सुतार आहे. प्रत्येक खांबावर टकटक करून ती कान लावून ऐकत होती. "हा बोलतोय. हाही बोलतोय. हा मात्र पोकळ." अकरा फळ्या आणि दोन खांब तिने नवे घातले. नवे लाकूड अंगात आले की कसे वाटते सांगू? सुट्टीनंतर शाळेत नवी मुले आल्यासारखे!

काल शेवटच्या फळ्या बसत होत्या तेव्हा ताई आणि धाकटी बाकावर येऊन बसल्या. दोघी आता ऐंशीच्या आसपास आहेत. सुतार लेकीने विचारले, "इथे अजून एक फळी चढवू की एवढंच ठेवू?"

"चढव," धाकटी म्हणाली. "ताईच्या दारात वाळू कमी झालीय."

"मुळीच चढवू नकोस," ताई म्हणाल्या. "पुढे जाऊ दे. हिचं अंगण उताराचं आहे."

"अगं, पाणी शिरेल तुझ्या भट्टीत!"

"आणि तुझे खांब पडतील त्याचं काय?"

अर्धा तास भांडल्या. सुतार लेकीने पेन्सिल कानामागे खोचली आणि ती निवांत पाव खात बसली. शेवटी तिने काठीने दोन्हीकडची वाळू मोजली आणि आपल्या मनाने अर्धी फळी बसवली. त्यावर दोघीही रागावल्या!

मित्रांनो, माझे तुमच्याकडे फार मागणे नाही. माझ्यासारखे कितीतरी बांध किनाऱ्यांवर मुकाट्याने उभे आहेत. त्यांच्यावर उड्या मारा, गप्पा मारा, पण शेकोट्या पेटवू नका आणि सुटलेला बोल्ट दिसला तर कुणाला तरी सांगा. आणि माझ्या अंगावरून चालताना एकदा डावीकडे बघा, एकदा उजवीकडेही बघा. दोन्ही बाजूंना उतरून पाहा. दोन्हीकडे पायाला वाळू लागली, तर खुशाल समजा की आडव्याचे बरे चालले आहे.